मेलेला मूस मदत करत नाही

हौकिवारा शिकार मंडळातली माणसं एरवी बोलायला महाग. शेजाऱ्याच्या छपरातून धूर निघाला तर आधी खिडकीतून नीट बघून घेतील, मग कोट चढवतील, मग त्याच्या दारात जाऊन म्हणतील, "धूर आहे जरासा." पण यंत्राचा विषय निघाला की याच माणसांना कंठ फुटतो. ऑगस्टच्या सभेत सिल्वी तोलोनेनने "जंगलातून मूस वाहून आणायला गाडी घ्यायची आहे, कुठली घेऊ या?" एवढंच विचारलं, आणि सगळ्यांची तिसरी कॉफी होईपर्यंत तिला पुन्हा तोंड उघडायला मिळालं नाही.

सिल्वी शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवायची. त्यामुळे गोंगाटात गप्प बसून कोण काय करतोय ते मनात टिपून ठेवायची तिला सवय होती. शिकारप्रमुख होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. निवड कशी झाली, तर जुन्या प्रमुखाचे गुडघे गेले, "आता कोण?" असं सभेत विचारल्यावर झाडून सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले, आणि सिल्वी नेमकी तेव्हाच खिडकीबाहेर आपल्या कुत्रीकडे बघत होती. मान वर असलेली ती एकटीच. झाली प्रमुख.

आणि पहिल्याच वर्षी तिच्या गळ्यात पडलं ओन्नी युन्तुनेनचं प्रकरण.

ओन्नीची जमीन मंडळाच्या रानाच्या बरोबर मध्यावर होती. अलीकडे मोठी दलदल, पलीकडे पाइनची टेकडी. मूस म्हणजे घोड्याहून उंच, थोराड हरीण; त्याच्या शिकारीचा परवाना हवा तर सलग हजार हेक्टर रान दाखवावं लागतं. ओन्नीची जमीन धरली तर हौकिवाराचं रान ऐसपैस. ती काढून घेतली तर कंबरेत कापल्यासारखे दोन तुकडे, आणि दोन्ही अपुरे. म्हणजे परवाना नाही, मूस नाही, घरोघरच्या फ्रीझरमध्ये हिवाळाभर पुरणारं मांस नाही, आणि मंडळ तरी मग कशाचं?

दोन वर्षांपूर्वी मंडळाचा ट्रॅक्टर मूस आणायला ओन्नीच्या दलदलीत शिरला होता. बाहेर आला तेव्हा मागे गुडघाभर खोल चर पडले होते, आणि तेही नेमके त्या तुकड्यात, जिथे ओन्नी लहानपणापासून पिवळी हिल्ला वेचत आला होता. त्या बोराएवढ्या फळासाठी काइनूच्या या मुलखात सख्खे भाऊ एकमेकांना जागा सांगत नाहीत. ओन्नी कुणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी एका ओळीचा राजीनामा पाठवला आणि तीस-पस्तीस वर्षं सभासद असलेला माणूस मंडळाच्या शेडची पायरी चढेनासा झाला. शिकारीसाठी मंडळाला दिलेल्या जमिनीचा करार तेवढा या वर्षअखेरीपर्यंत चालू राहिला होता.

वसंतात सिल्वी त्याच्याकडे जाऊन आली होती. तो एवढंच म्हणाला होता, "या हंगामात एक मूस माझ्या दलदलीवरून नेऊन दाखव. चर दिसला तर करार संपला. नाही दिसला तर बघू."

हौकिवारात "बघू" म्हणजे जवळजवळ शपथच. सिल्वीने तो शब्द जपून घरी आणला. तो वाया गेला तर पुढे काय, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. ती जिवंत असेपर्यंत पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी एकच वाक्य ऐकू येणार होतं: मंडळ सत्तर वर्षं चाललं आणि सिल्वीच्या हातात बुडालं.

म्हणून ही गाडी. आणि म्हणून ही सभा, जिच्यात दलदल सोडून बाकी सगळ्यावर बोलणं चाललं होतं.

"मी सांगतो ती घ्या," यार्को प्युक्कोनेन म्हणाला. यार्को लाकडाचा ट्रक चालवायचा. मंडळात नेम त्याचाच सगळ्यात चांगला, आणि जीभही. "शेजारी शेजारी बसायचं, वर छप्पर, पुढे काच. सीट गरम होते. पाऊस असो, बर्फ असो, घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं."

"तुला सोफा हवाय तर दुकानात जा," तौनो कार्पिनेन म्हणाला. तौनो खोदाईचं यंत्र चालवायचा आणि बटाट्याची तीन पोती एकावर एक रचावीत तसा दिसायचा. "सहा चाकांची घ्या. मागे ट्रेलर जोडायचा. सहा चाकं म्हणजे सहा चाकं."

"हो, आणि आठ म्हणजे आठ. गणित पक्कं आहे तुझं."

सिल्वीने खिशातून फोन काढून एक फोटो सगळ्यांपुढे फिरवला. रबरी पट्ट्यांवर बसवलेलं एक लांबट, बुटका लोखंडी पाट होता तो. नाकावर गवत कापायच्या यंत्रासारखं इंजिन, ओझं ओढायच्या तारेचं रीळ, आणि पुढे एक लांब दांडा.

"हा लोखंडी घोडा," ती म्हणाली. "पलीकडच्या गावात एकाला विकायचा आहे. जुना आहे, पण नीट ठेवलेला."

फोटो टेबलाभोवती फिरून परत तिच्याकडे आला.

"सीट कुठाय?" यार्कोने विचारलं.

"सीट नाही. दांडा धरून पुढे चालायचं."

"चालायचं?" यार्कोने सगळ्यांकडे पाहिलं. "पैसे देऊन चालायचं?"

"माझा आजोबा असाच चालायचा घोड्याचा लगाम धरून," तौनो म्हणाला. "आणि तो घोडा विकून ट्रॅक्टर घ्यायची त्याला केवढी घाई झाली होती, ते मला आठवतंय."

सगळे हसले. सिल्वीसुद्धा हसली. मग तिने फोन खिशात टाकला आणि पुढच्या शनिवारी गाड्या बघायचं ठरवून सभा संपवली.

शनिवारी यार्कोने दुकानदाराकडून ती छपराची गाडी दोन दिवसांसाठी मागून आणली आणि खडीच्या खाणीत उभी केली. मंडळातला एकूण एक माणूस तिच्यात बसून आला. एकाने सीट मागे सरकवून पाहिली, एकाने पुढे. एकाने खिडकीचं बटण इतक्यांदा दाबलं की यार्कोने त्याचा हात बाजूला केला. इंजिन किती घोड्यांचं हे सगळ्यांनी विचारलं, आणि ज्यांना ते आधीच ठाऊक होतं त्यांनीही पुन्हा विचारलं. सिल्वी जरा लांब उभी राहून टिपत होती. पुढे बसून पाहिलं सगळ्यांनी. मागचं फळकं उघडून पाहिलं कुणीच नाही.

"काय मग, प्रमुखबाई?" यार्को चावी नाचवत आला. "सही कुठे करायची?"

"मूस कुठे बसणार?"

"मागे. कुठे बसणार मग, माझ्या मांडीवर?"

"बसवून दाखव."

"आत्ता कुठून आणू मूस? वाळूची पोती टाकू हवी तर."

"वाळूची पोती शहाणी असतात," सिल्वी म्हणाली. "ठेवाल तिथे बसतात, धराल तिथे धरू देतात. मेलेला मूस मदत करत नाही, यार्को. पाय एकीकडे जातात, मान दुसरीकडे. मला काहीतरी जड हवंय, ढिलं हवंय, आणि धरायला कुठे कान नसलेलं हवंय."

 नजरा एकेक करून तौनोकडे वळल्या. तौनो गाडीच्या सावलीत बसून भाजलेलं सॉसेज खात होता. त्याने मान वर केली.

"नाही," तो म्हणाला.

"तौनो."

"मी माणूस आहे."

"दोन तासांपुरता नाहीस," सिल्वी म्हणाली. "माझ्या घरामागच्या दलदलीत. सॉना तापवून ठेवते."

तौनोने उरलेलं सॉसेज तोंडात टाकलं आणि ते चावून होईपर्यंत विचार केला. "आधी तापव," तो म्हणाला. "मग मरतो."

दुसऱ्या दिवशी सिल्वीच्या दलदलीच्या काठावर मंडळ जमलं. छपराची गाडी होती, तौनोच्या चुलतभावाची सहाचाकी होती, आणि सिल्वीने पलीकडच्या गावातून आणलेला लोखंडी घोडाही होता. तो बाकीच्या दोघांशेजारी लग्नघरात चुकून शिरलेल्या वाटसरूसारखा उभा होता. तौनो काठापासून बराच आत, शेवाळावर उताणा पडला होता. पोटावर टोपी, हात पसरलेले.

"डोळे मिट," सिल्वी म्हणाली.

"मूसचे डोळे उघडे असतात मेल्यावर."

"मूस बोलत नाही मेल्यावर."

पहिली छपराची गाडी. यार्को झोकात आत घेऊन गेला आणि तौनोपाशी पोचेपर्यंत चाकं पार बुडाली. तरी पोचला. मग चौघांनी मिळून मूस उचलला. गाडीचा मागचा पाट छातीच्या उंचीवर होता. छातीपर्यंत तौनो आला. तिथून वर जायचं त्याने नाकारलं. दोघांनी पाय धरले तर डोकं खाली लोंबलं, डोकं धरलं तर पाय निसटले.

"अरे, जरा अंग चोर ना!" यार्को ओरडला.

"मेलोय मी," तौनो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला तौनोची विजार त्याच्याआधी गाडीत चढली. काठावरची माणसं एकमेकांना धरून हसत होती. शेवटी यार्कोने खाली वाकून तौनोला खांद्यावर घेतलं, दोघंही मागच्या पाटावर कोसळले, आणि गाडी जी खाली बसली ती उठेना. यार्कोने गॅस दिला तसं मागच्या दोन्ही चाकांनी शेवाळ फाडून काळं पाणी आणि मुळं आकाशात उडवली. गाडी निघाली, पण ती ट्रॅक्टरने ओढल्यावर. मागे उरलेल्या चरांत यार्कोचं पाऊल घोट्याच्या वर बुडालं.

 सिल्वी चराकडे बघत उभी राहिली. बाकीचेही येऊन उभे राहिले. आता कुणी हसत नव्हतं. ओन्नीच्या दलदलीतला तो तुकडा सगळ्यांना आठवत होता.

मग सहाचाकी. ती मूस चढवायला जरा बरी ठरली. ट्रेलर बुटका होता, मूस लवकर चढला. पण ट्रेलर जड. पुढची सहा चाकं ज्यावरून अलगद गेली त्यावरून मागची दोन चाकं नांगरासारखी गेली, आणि पहिल्याच झुडुपाशी ट्रेलर असा कलंडला की मूस शिव्या देत बाहेर लोळला.

"तुझीच गाडी ना रे ही?" यार्कोने विचारलं.

"माझी नाही," तौनो तोंडातलं शेवाळ थुंकत म्हणाला. "चुलतभावाची."

शेवटी लोखंडी घोडा. सिल्वीने दांडा धरला आणि चालायला लागली. टकटक करत घोडा तिच्यामागून निघाला, माणसाच्या चालीने, कुठलीही घाई नसल्यासारखा. तौनोपाशी गेल्यावर तिने पाटाचं मागचं टोक जमिनीला टेकवलं, तौनोच्या काखेखालून दोर घेतला, तारेचा आकडा त्यात अडकवला आणि रीळ फिरवलं. तौनो उताणाच, टोपी पोटावर तशीच, घसरत घसरत पाटावर चढला. उचलायला कुणी नव्हतं. कुणी लागलंच नाही. मग ती चालत परत आली. मागे शेवाळ दबलं होतं. बघता बघता ते फुगून वर येत होतं, कुणी झोपून उठलेल्या गादीसारखं.

काठावर आल्यावर तौनो उतरेना.

"संपलं, तौनो."

"जरा थांब," तो डोळे न उघडता म्हणाला. "इथे बरं आहे."

मतदान त्याच संध्याकाळी झालं, सॉनानंतर. यार्को हरायच्या तयारीत नव्हता. "मान्य," तो म्हणाला, "दलदलीत तो बरा. पण शिकार काय नुसती दलदलीत असते? पलीकडच्या मंडळाने गेल्या वर्षी छपराचीच घेतली. आणि आपण लगाम धरून चालायचं? गाव हसेल."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सिल्वीला मतांचा आकडा दिसत होता आणि तो तिला आवडत नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यातून, टॉवेल गुंडाळलेला, टोमॅटोसारखा लाल तौनो उठला.

"मला एकच म्हणायचंय," तो म्हणाला. "गाडीत कसं बसायला मिळतं हे तुम्ही सगळे सांगताय. इथे मूस होऊन आलेला माणूस मी एकटा आहे. बसायचं तुम्हाला नाहीये, मूसला बसायचंय. मी घोड्याच्या बाजूने."

तो खाली बसला. घोडा तीन मतांनी निवडून आला.

गाव हसलं, ते हसणारच होतं. पेट्रोल पंपावर पलीकडच्या मंडळातल्या कुणीतरी सिल्वीला विचारलं, घोड्याला गवत घालता का पेंड. ती म्हणाली, "पेट्रोल. तेही तुमच्या गाडीला खिडकी बंद करायला लागतं त्याहून कमी."

ऑक्टोबरातल्या पहिल्या शिकारीच्या दिवशी तिची कुत्री हुर्मा सकाळीच टेकडीवर सुटली आणि तासाभरात तिचं भुंकणं एका जागी स्थिरावलं. म्हणजे मूस उभा आहे आणि कुत्री त्याला जागचा हलू देत नाही. फोनच्या नकाशावर सिल्वीला हुर्माचा ठिपका दिसत होता. तो टेकडीवरून खाली सरकला, मग आणखी खाली. खाली ओन्नीची दलदल होती. मग बार झाला, एकच.

रेडिओवर यार्कोचा आवाज आला. "पडला."

"कुठे?"

रेडिओ खरखरला. "तिथेच," यार्को म्हणाला.

तिथेच म्हणजे ओन्नीच्या दलदलीच्या पार पलीकडच्या टोकाला, चार पाइनच्या बेटावर. आणि अलीकडच्या काठावर, एका बुंध्यावर, मांडीशी थर्मास घेऊन ओन्नी युन्तुनेन स्वतः बसला होता. त्याला कुणी कळवलं नव्हतं. बार ऐकून आला असणार. सिल्वीने मान लववली. त्यानेही लववली. बोलणं झालं.

बेटावर पोचल्यावर सगळे मूसभोवती उभे राहिले. खऱ्या घोड्याहून हातभर उंच नर, दोन्ही शिंगं उघडलेल्या पंजांसारखी रुंद. आतडी काढून झाली होती, तरी टेकाडासारखा दिसत होता. तौनोने त्याच्याकडे बघितलं आणि मग स्वतःकडे.

"हा मी नाही," तो म्हणाला. "हा दोन मी आहे."

सिल्वीच्याही तेच मनात आलं होतं. परीक्षा घेतली ती तौनोवर. आणि हा समोर तौनोच्या दुप्पट. अख्खा चढवला तर घोडा ओढेल, पण पट्टे रुततील. ती खाली बसली, शेवाळात मूठ रोवून पाहिली आणि उठली.

"अर्धा करा," ती म्हणाली. "कंबरेतून. दोन खेपा."

"काय?" यार्को पुढे आला. "सिल्वी, ही शिंगं बघ. असा नर दहा वर्षांत पडला नाही. हा शेडमध्ये अख्खा टांगायचा, त्याच्याखाली उभं राहून फोटो काढायचा. रानात कापून तुकड्यांनी आणतात ते कोण? ज्यांना आणता येत नाही ते."

"बरोबर."

"पलीकडचे लोक काय म्हणतील?"

"त्यांना हवं ते म्हणू दे. कागदावर सही त्यांची लागत नाही." तिने काठाकडे हात केला. लांबवर ओन्नी थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत होता. "त्याची लागते."

यार्कोने शिंगांवरून हात फिरवला. मग कमरेची सुरी काढली आणि कामाला लागला. एवढ्या नीट हाताने अर्धा मूस सिल्वीने कधी झालेला पाहिला नव्हता.

पहिली खेप, मागचा भाग, सिल्वीने स्वतः नेली. घोडा टकटक करत गेला, शेवाळ दबलं आणि मागे हळूहळू वर आलं. परतल्यावर दांडा तिने यार्कोच्या हातात दिला. छाती, मान आणि शिंगं पाटावर बांधली होती. यार्को निघाला आणि सरळ पहिल्या खेपेच्या मागावर वळला.

"तिथून नको!" सिल्वी ओरडली. "बाजूने. नवी रेषा धर."

"अगं, ही मळलेली वाट आहे की!"

"म्हणून तर. शेवाळ एकदा वजन पेलतं. दुसऱ्यांदा त्याच जागी फाटतं."

यार्को दांडा धरून उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवर तोच होता. मूस आणायला गेला, मग दोर विसरला म्हणून परत आला, मग पुन्हा गेला. आणि चांगला चालक म्हणून प्रत्येक वेळी आपल्याच चाकांच्या मागावरून गेला. रस्त्यावर कुणीही तसंच केलं असतं. त्याच्या चेहऱ्यावरून हा हिशेब सरकताना सिल्वीला दिसला. तिने नजर दुसरीकडे वळवली.

"किती बाजूने?" त्याने विचारलं, हळू आवाजात.

"दोन घोडे मावतील इतकं अंतर सोड!"

त्याने नवी रेषा धरली. अर्ध्यावर आला आणि घोड्याचं नाक एकदम खाली गेलं. वरून हिरवं दिसत होतं, खाली पाणी होतं. शिंगांच्या वजनाने पाट पुढे झुकला. यार्कोचा अंगठा गॅसवर गेला.

"देऊ नकोस!"

त्याने दिला नाही. नुसता उभा राहिला, मांड्यांपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी दांडा धरून. काठावरचा ओन्नी उठून उभा राहिला होता.

सिल्वी वळसा घालून, पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक ठिकाण चाचपत, पुढच्या कोरड्या उंचवट्यावरच्या वाकड्या पाइनपाशी गेली. खोडाला दोर गुंडाळला. तौनोने तारेचं टोक ओढत तिच्यापर्यंत आणून दिलं.

"पट्टे मोकळे सोड," तिने यार्कोला सांगितलं. "फिरवू नकोस. ताकद सगळी तारेला दे. अगदी हळू."

तार ताणली. पाइन कण्हला. घोड्याचं नाक पाण्यातून वर आलं, आधी बोटभर, मग वीतभर, आणि मग सगळा घोडा, शिंगांसकट, होडी काठाला ओढावी तसा शेवाळावरून सरकत वर आला. पट्टे फिरलेच नव्हते, त्यामुळे फाटलं काहीच नाही. जिथे नाक बुडालं होतं तिथे पाणी पुन्हा एक झालं आणि वरचं शेवाळ सरकून मिटलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हौकिवारात वाजवत नाहीत. पण तौनोने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

माल काठावर आल्यावर ओन्नी काठी घेऊन दलदलीत उतरला. आधी पहिल्या खेपेच्या रेषेवरून चालला, मग दुसऱ्या. मध्ये मध्ये थांबून वाकायचा, काठी रोवायचा, बघायचा. त्या पाण्यापाशी तो इतका वेळ थांबला की यार्को म्हणाला, "मी जाऊन सांगतो त्याला, चालवत मी होतो म्हणून."

"गप्प राहा," सिल्वी म्हणाली. "त्याला वाचू दे."

ओन्नी परत आला. थर्मासचं झाकण घट्ट केलं. "हं," म्हणाला आणि घरी गेला.

तो "हं" मंडळात पुढचे तीन दिवस पुरला. तौनोच्या मते तो वरच्या पट्टीत गेला, म्हणजे बरा. यार्कोच्या मते खालच्या. सिल्वीला विचारलं तर ती म्हणाली, आवाज सपाट होता, आणि सपाट आवाजाचं तिला काही सांगता येत नाही. रात्री मात्र ती अंथरुणात तो "हं" पुन्हा पुन्हा ऐकायची.

चौथ्या दिवशी दुपारी शेडमध्ये वाटणी होती. मांस कापून लांब टेबलावर सारखे ढीग लावले होते, माणसागणिक एक. प्रत्येक ढिगात थोडं चांगलं, थोडं हाडाचं. दार उघडलं आणि ओन्नी आत आला. पायपुसण्यावर त्याने बूट पुसले. 

"कागद कुठाय?" तो म्हणाला.

सिल्वीने हात धुतले, पिशवीतून नवा करार काढला आणि टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवला. एका वर्षाचा होता. जास्त मागायची तिची छाती झाली नव्हती. ओन्नीने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, वर्षाचा आकडा खोडला, त्यावर दहा लिहिलं आणि सही केली.

"मालक," सिल्वी त्या दहाकडे बघत म्हणाली.

"चर नाही दिसला," ओन्नी म्हणाला. "शोधला मी. नीट शोधला." मग चष्मा काढत त्याने यार्कोकडे पाहिलं. "दोन घोडे मावतील इतकं अंतर होतं. मोजलं."

यार्कोचे कान लाल झाले. तौनोने त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो टेबलावर आदळता आदळता वाचला. मग आवाज फुटले, सगळ्यांचे एकदम, आणि कुणीतरी कॉफीचं भांडं पुन्हा चुलीवर चढवलं. सिल्वीने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडून दहाचा आकडा पाहिला, आणि पुन्हा घडी घातली.

"थांबा, थांबा," तौनो म्हणाला. "वाटणी व्हायचीय. नावं कोण पुकारणार?"

वाटणीत एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून "कुणाचा?" विचारतो, आणि न बघता हा नाव सांगतो. म्हणजे कुणी कुणाचं चांगलं केलं, वाईट केलं, असं म्हणायला जागा राहत नाही.

"मालक, तुम्ही उभे राहता?" सिल्वीने विचारलं.

ओन्नीने चष्मा खिशात ठेवला. मग भिंतीकडे जाऊन तोंड फिरवून उभा राहिला, हात मागे बांधून.

"कुणाचा?" यार्कोने पहिल्या ढिगावर हात ठेवला.

"कार्पिनेन तौनो."

"कुणाचा?"

"प्युक्कोनेन यार्को."

एकेक ढीग उचलला जात होता. दोन वर्षांत ओन्नी एकही नाव विसरला नव्हता. सिल्वीचं नाव आलं तेव्हा त्याने ते इतरांसारखंच सांगितलं, जास्त नाही, कमी नाही. ती आपला ढीग पिशवीत भरत होती तेव्हा यार्कोचा हात शेवटच्या ढिगावर गेला.

"कुणाचा?"

"संपली नावं," ओन्नी म्हणाला.

"ढीग आहे अजून एक," सिल्वी म्हणाली. "मोजूनच लावले होते मी."

ओन्नीची पाठ हलली नाही.  मग त्याने घसा साफ केला.

"युन्तुनेन ओन्नी," तो म्हणाला, शाळेत हजेरी देतात तसं, मोठ्याने.

तो वळला, टेबलापाशी आला, आपल्या ढिगाकडे वाकून बघितलं. एक तुकडा उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला.

"यात हाडंच जास्त आहेत," तो म्हणाला.

आणि शेड हसण्याने दणाणली. तौनो तर टेबलाला टेकून डोळे पुसत राहिला. कारण हौकिवारा मंडळात वाटणीवर कुरकुर करायचा हक्क फक्त सभासदाचा असतो, आणि तो हक्क ओन्नीने दोन वर्षांत पहिल्यांदा बजावला होता.

"पुढच्या अर्ध्यातलं आहे ना ते, शिंगांकडचं," सिल्वी म्हणाली. "यार्कोला विचारा, त्याला अख्खा हवा होता."

"अख्खा! माझ्या दलदलीवरून!" ओन्नी म्हणाला, आणि पिशवी उघडून धरायला सांगितली.